बोरमाळेचा मणी

१

सिमरोलहून आलेल्या एका पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र बंद पाकिटातून आलं होतं. अक्षर शाळेतल्या बाईंचं असावं तसं टपोरं, ओळी सरळ. ते मी टेबलावर ठेवलं आणि नंतर त्याच्यावर एकेक पुस्तक ठेवत गेलो.

"दिवाकरकाकांना नमस्कार," सुलोचनेनं लिहिलं होतं. "गावड्यांच्या घरी माझ्या आईवर चोरीचा आळ आला तेव्हा तुम्ही त्या खोलीत होता. गावड्यांची शेती इथंच आहे, त्यामुळे गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. मी इथल्या शाळेत शिकवते; वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की मुलं आधी माझ्याकडे बघतात. आईला विचारलं तर म्हणते, मी सांगून काय उपयोग. तुम्ही काय पाहिलंत तेवढं कळवा. आईनं मणी घेतला असेल तर तसं लिहा. मला खरं हवं आहे."

उत्तर न देण्याचं कारण साधं होतं. मी त्या खोलीत होतो, पण काहीच पाहिलं नव्हतं.

मध्यभारत राज्याचे दिवस होते ते. मी ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो आणि रोज दुपारी राजवाड्यामागे गावड्यांच्या घरी जाऊन इंदिराबाईंना पोथी वाचून दाखवत होतो. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. यजमान होळकरांच्या फौजेत रिसालदार होते. फौज गेली, दरबार गेला, तरी त्यांचं आईसाहेब हे नाव राहिलं. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला जाई, त्यामुळे त्यांचे चिरंजीव प्रतापराव आपल्या फायली घेऊन तिकडे होते. अशात एका दुपारी तापानं आईसाहेबांची शुद्ध हरपली. श्वास जाणवेनासा झाला. शेजारच्या चिंतामणगुरुजींना बोलावलं. ते म्हणाले, "वेळ आली. दिवाकरजी, गीता वाचा. आणि कुणीतरी सोनं आणा."

जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान, गंगाजल आणि सोन्याचा कण घालतात. घरोघर असा एक कण देवघरात जपलेला असतो. त्या घाईत तो सापडेना. तेव्हा द्वारकाबाईंनी, म्हणजे आईसाहेबांच्या विधवा नणंदेनं, आईसाहेबांच्याच गळ्यातली बोरमाळ काढली, दोरा तोडला आणि त्यातला एक मणी त्यांच्या तोंडात घातला.

मी पंधरावा अध्याय वाचत होतो. तो संपायच्या आत आईसाहेबांना जोराचा ठसका लागला. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "दुपारचा दिवा कशाला लावलाय गं?"

सगळे रडता रडता हसले. त्यांची सेवा करणारी सखुबाई, म्हणजे सुलोचनेची आई, पुढं झाली आणि तिनं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड आतून पुसून काढलं. फडक्यात तुळशीचं पान निघालं.

मणी निघाला नाही.

२

मणी गिळला गेला असेल तर आपोआप पडेल, असं घरच्या वैद्यांनी सांगितलं. पाळत ठेवली. पडला नाही. मग आईसाहेबांना इस्पितळात नेऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढला. त्यांना सांगितलं, अपचन बघायचंय. पोट स्वच्छ होतं.

"पोटात नाही, तोंडात नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हणजे मण्याला पाय फुटले, कुणाच्या तरी पदरात गेला."

पदर सखुबाईचा होता. तिला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. इतकी वर्षं तिनं आईसाहेबांचं अंथरूण-पांघरूण केलं होतं. जाताना ती कुणालाच काही बोलली नाही, आणि मी पोथीची खूण शोधत बसलो होतो.

पत्र आल्यावर मला वाटलं, निदान विचारून तरी बघावं. लोकांना प्रश्न विचारणं मला कधी जमलेलं नाही. ग्रंथालयात लोक मला विचारत, ते सोपं होतं. तरी एक दिवस पोथी लवकर आटोपून मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या.

"मणी तुम्ही स्वतः घातलात ना?" मी म्हटलं.

"मग काय तुम्ही घातलात? तुम्ही तर पोथीत डोकं खुपसून बसला होता, पंत. घरावर वीज पडली असती तरी आधी अध्याय संपवला असता." त्यांनी सूप आपटलं. "वहिनी म्हणून मांडीवर डोकं घेतलं तिचं. मान मागं टाकली, तोंड उघडलं, मणी जिभेवर ठेवला. वरून तुळस, वरून गंगाजल. ह्या हातानं. आणि सखू लगेच तोंडात बोटं घालायला हजर!"

"आईसाहेबांना विचारलंत का, त्यांना काही जाणवलं का?"

द्वारकाबाईंचा हात थांबला. "डोकं फिरलंय का तुमचं? जित्या माणसाला सांगायचं, बाई गं, तू मेलीस असं समजून तुझ्या तोंडात सोनं घातलं? अपशकुन तो. तिला सांगितलंय, बोरमाळ पटव्याकडे नव्या दोऱ्यात गाठायला दिलीय. तुम्हीही हेच सांगायचं."

प्रतापरावांच्या बायकोनं, शारदानं, मला बाहेर ओसरीवर गाठलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काका, मी तर थकून गेले. सखुबाई होती तोवर तिच्या हातून जेवायच्या. आता माझ्या हातची भाकरी खात नाहीत. घास तोंडात धरतात आणि हळूच काढून ठेवतात. सिर्फ पेज घेतात. द्वारकाआत्या म्हणतात, सुनेवर भरोसा नाही म्हातारीचा."

"पाणी पितात?"

"तेच तर. सारी उमर तांब्या वर धरून प्यायल्या, ओठ लागू दिला नाही. आता मान खाली घालून पेल्याला तोंड लावतात, वासरासारखं. आत्या चिडतात. म्हणतात, यमाच्या दारातून आली आणि उष्टं-खरकटं विसरून आली."

मी आत गेलो. आईसाहेब लोडाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते नेहमीसारखं, मान न वळवता, सगळं अंग वळवून.

"दिवाकर," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पोथी पुरे झाली आता. माझा जीव कंठात अडकलाय. खालीही जात नाही, वरही येत नाही."

३

हे वाक्य त्या सगळ्यांनाच म्हणत होत्या. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं त्याचा अर्थ लावला होता. द्वारकाबाई म्हणत, हिची काहीतरी वासना राहिलीय. शारदाला वाटे, त्यांना नातू हवा आहे. चिंतामणगुरुजींनी गोदान सुचवलं होतं. आणि मला, खरं सांगायचं तर, ते वाक्य फार चांगलं वाटलं होतं. घरी येऊन मी ते एका कागदावर उतरवून ठेवलं होतं. आयुष्यभर पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचं हे असं होतं.

गुरुजींवर माझा थोडा संशय होता. गंगाजल घालायला त्यांचाच हात शेवटी तोंडाजवळ गेला होता. ते सकाळची पूजा आटोपून घरी परतत होते. मी त्यांना वाटेत गाठलं आणि जे विचारायचं ते इतकं आडवळणानं विचारलं, की त्यांनीच ते सरळ केलं.

"मतलब, मणी मी काढला असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, तसं नाही..."

"तसंच आहे. बोला ना. इतके दिवस कुणी विचारलं नाही, याचंच नवल वाटत होतं." ते रागावले नव्हते. थकलेले दिसले. "अहो, मी पळी रिकामी केली आणि हात मागे घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. पाणी आत जातं का, हेच तर बघायचं असतं. आवंढा खाली गेला. मी पाहिला. तेव्हाच म्हटलं, बाई अजून आहे. लगेच ठसका लागला."

"आवंढा नक्की गेला?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिला. हवं तर शपथ घेतो."

म्हणजे मणी गिळला गेला होता. पण पोटात तर नव्हता. गुरुजी खोटं बोलत होते, किंवा सखुबाईनं तो ठसक्यासरशी वर आलेला मणी उचलला होता. मला दुसरं काही सुचेना.

सखुबाई सियागंजच्या बाजारात होती. एका मसाल्याच्या दुकानामागे बायका मिरच्यांची देठं मोडत बसल्या होत्या. मिरचीचा ठसका इतका होता की मला बोलण्याआधी खोकलाच आला. दुकानदार म्हणाला, "भिया, रुमाल लावा, रुमाल. ये लायब्ररी नाही."

सखुबाईनं मान वर केली नाही.

"सुलोचनेचं पत्र आलंय," मी म्हटलं.

"ती वेडी आहे. मी म्हटलं होतं, लिहू नको."

"तुम्ही तोंडात बोट घातलंत तेव्हा काय लागलं?"

"जीभ लागली. टाळू लागला. दाढा मोजून चार राहिल्यात त्या लागल्या. तुळस लागली ती काढली. अजून काय लागणार?" ती एक देठ मोडून फेकत म्हणाली. "आणि पंत, तुम्ही माझ्यापासून हातभर लांब बसला होता. मी चोरला असता तर तुम्हाला दिसलं नसतं?"

मी रुमाल काढून नाकाशी धरला.

"जा, घरी जा. मिरची लागेल." मग पाठमोरा झालो तेव्हा तिनं विचारलं, "आईसाहेब जेवतात का?"

"पेज घेतात."

"भाकरी कुस्करून द्यायची दुधात. दोन वर्षं झाली, मी अख्खा घास देतच नव्हते. अडकतो त्यांना." तिनं पदरानं डोळे पुसले; ते मिरचीनं की कशानं, मला कळलं नाही. "शारदाताईंना सांगा."

मी निरोप घेऊन निघालो. चोरी केलेलं माणूस असा निरोप देतं का, एवढाच विचार करत चाललो. देतही असेल. माणसांबद्दल मला नेहमीच उशिरा कळत आलं आहे.

४

त्या हिवाळ्यात माझीही मान दुखत होती. वर्षानुवर्षं मान खाली घालून वाचल्याचा तो दंड, असं मी समजत होतो. डॉक्टर ताटक्यांनी मानेचा फोटो काढायला लावला होता. तो घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"मणक्याला चोच फुटलीय, दिवाकरजी."

मला 'मणी' असंच ऐकू आलं. मी म्हटलं, "कुठाय?"

"हे काय. बाजूनं काढलेला फोटो आहे. हे मानेचे मणके, एकावर एक. आणि त्यांच्या पुढच्या कडेला ही टोकं. पोपटाची चोच असते ना, तशी. वय झालं की हाड वाढतं, काटे फुटतात. घाबरू नका, तुमची लहान आहेत."

"मोठी असली तर?"

"मणक्यांच्या पुढं लगेच अन्ननलिका असते. काटा पुढं वाढला की तिला मागून रेटतो. घास जाताना अडकतो. अशी माणसं आपोआप मान खाली घालून जेवायला शिकतात. मान वर केली की रस्ता आणखी चेपतो." त्यांनी फोटो खाली ठेवला. "मागं एक आजोबा होते, त्यांना सुपारीचं खांड अडकलं. बिचारे रोज सांगायचे, घशात काहीतरी आहे. पाणी जात होतं, पेज जात होती, म्हणून घरचे म्हणायचे वहम आहे. कितीतरी दिवस कुणी ऐकलंच नाही."

मी उठून उभा राहिलो. आणि मग पुन्हा बसलो.

"काय झालं?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "एखादं माणूस म्हणत असेल की माझा जीव कंठात अडकलाय, तर ते खरंच तसं असू शकतं का?"

५

प्रतापराव ग्वाल्हेरहून आले होते आणि परत जायच्या गडबडीत होते. ओसरीवर ते, द्वारकाबाई आणि शारदा, तिघं होते. मी घरून येताना बोलायचं सगळं मनात नीट लावून घेतलं होतं. तिथं पोचल्यावर त्यातलं अर्धं विसरलो.

"सखुबाईनं मणी घेतला नाही," मी म्हटलं.

"आले वकील," द्वारकाबाई म्हणाल्या. "मग कुणी घेतला? मी?"

"कुणीच नाही. तुम्ही मणी घातलात हे खरं. गुरुजी म्हणतात, आवंढा खाली गेलेला पाहिला. तेही खरं. सखुबाई म्हणते, तोंडात तुळशीशिवाय काही नव्हतं. खरं. इस्पितळवाले म्हणतात, पोटात काही नाही. तेही खरंच आहे. आपण या चौघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय असं धरून चाललो. आणि जी गरीब होती तिला निवडलं."

"सुनो, दिवाकरजी," प्रतापराव घड्याळाकडे बघत म्हणाले, "चारही गोष्टी खऱ्या असतील तर मणी आहे कुठं?"

"तोंड आणि पोट यांच्या मधे."

मग मी, जमेल तसं, बाकीचं सांगितलं. आईसाहेब मान न वळवता सगळं अंग वळवतात. दोन वर्षं सखुबाई त्यांना भाकरी कुस्करून देत होती. म्हणजे मानेचे काटे जुने आहेत, रस्ता आधीच चेपलेला आहे. त्या दिवशी डोकं मांडीवर घेऊन मान मागं टाकली, तेव्हा तो आणखी चेपला, आणि नेमका तेव्हाच मणी पाण्याबरोबर आत गेला. काट्याच्या वर जाऊन बसला. तेव्हापासून तांब्या वर धरून पाणी पिणं सुटलं, कारण मान वर केली की जीव जातो. पातळ तेवढं मण्याच्या कडेनं उतरतं. फोटो काढला तो पोटाचा. गळ्याचा कुणी काढलाच नाही.

"आणि त्या स्वतः रोज सांगत होत्या," मी म्हटलं. "कंठात अडकलंय, वर येत नाही, खाली जात नाही. याहून सरळ मराठीत कसं सांगायचं? पण त्यांना मण्याचं माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला जीव म्हटलं. आणि आपल्याला मण्याचं माहीत होतं, तरी आपण त्याला वासना म्हटलं."

शारदा तोंडावर हात ठेवून बसली. "म्हणजे माझ्या हातचं नको, असं नव्हतं..."

"सगळं ह्यांचं पुस्तकातलं," द्वारकाबाई म्हणाल्या. पण आवाज पहिला नव्हता. "असं असतं तर मी... म्हणजे माझ्याच हातानं..." त्यांनी पुढं बोलणं सोडून दिलं.

तेव्हा मला कळलं की त्यांना मणी चोरीला जायलाच हवा होता. तो आत राहिला असेल, तर जिवंत माणसाच्या गळ्यात शेवटचं सोनं त्यांच्याच हातानं अडकलं होतं.

"मी चुकतही असेन," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. "पण गळ्याचा फोटो काढून बघा. आणि नेण्याआधी त्यांना खरं सांगा. या वेळी अपचन नको."

"कौन सांगणार?" प्रतापराव म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

६

मी पोथी उघडून बसलो आणि वाचायच्या ऐवजी सांगायला लागलो. नजर पोथीतच ठेवली, नाहीतर जमलं नसतं. आईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेले म्हणून समजलात होय मला?"

"हो."

"आणि माझीच बोरमाळ तोडलीत. देवघरात कण होता ना, कुंकवाच्या करंड्याखाली." त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि लगेच ठसका लागला. तो थांबल्यावर म्हणाल्या, "द्वारके, इकडे ये. दाराआड उभी राहू नको."

द्वारकाबाई आत आल्या. त्या रडत होत्या.

"रडू नकोस. तुझ्या हातचं सोनं घेऊन जायचं भाग्य अजून आलं नाही, एवढंच. पण ज्या बाईनं माझ्या तोंडात बोट घालून काढायला बघितलं, तिला चोर केलंत? आणि मला सांगितलंत, सखू मुलीकडे गेली म्हणून?"

द्वारकाबाई त्यांच्या पायाशी बसल्या.

इस्पितळात बाजूनं फोटो काढला. ताटक्यांनी मला तो दाखवला. मणक्यांना माझ्याहून कितीतरी मोठ्या चोची होत्या, दोन तर एकमेकींना भिडलेल्या. आणि वरच्या चोचीवर, फांदीवर फळ टेकावं तसा, एक गोल. कडा झळझळीत पांढरी, आत फिकट. बोरमाळेचे मणी आत लाखेचे असतात, वर सोन्याचा पत्रा.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण काम संपलं नव्हतं. मणी काढायला घशातून नळी घालावी लागते, आणि नळी घालायला मान मागं टाकावी लागते. या मानेला तेच चालत नव्हतं. जोर केला तर काट्यावर घासून अन्ननलिका फाटेल, असं शल्यवैद्यांनी प्रतापरावांना स्पष्ट सांगितलं. नाही काढला तर आज ना उद्या तिथं जखम होईल. प्रतापराव व्हरांड्यात येरझारा घालत होते. त्यांनी फायलीवर निकाल द्यावा तसा हा निकाल देता येत नव्हता.

निकाल आईसाहेबांनीच दिला. "काढा. फाटला तर फाटला. पण हे गळ्यात ठेवून मी गेले, तर ती बाई जन्मभर चोर राहील. राखेत कोण शोधायला बसलंय?"

पहिल्या खेपेला नळी उतरली नाही. डॉक्टरांनी हात थांबवला, त्यांना विसावा दिला, उशीची उंची बदलली आणि मान फार मागे न नेता पुन्हा धीर धरून बघितलं. आम्ही बाहेर बाकावर होतो. द्वारकाबाई जपाची माळ ओढत होत्या. मणी बोटांत अडखळत होते.

मग दार उघडलं आणि परिचारिकेनं एका वाटीत तो आणून दाखवला. काळवंडलेला, क्षुल्लक दिसत होता. कुणी हात पुढे केला नाही.

७

प्रतापराव स्वतः सियागंजात गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सखुबाई आईसाहेबांना बघायला इस्पितळात आली, दुधात कुस्करलेली भाकरी चमच्यानं भरवली, हनुवटी खाली धरून. पण घरी परत यायला तयार झाली नाही. "आता मिरच्याच बऱ्या," म्हणाली. "त्यांची आग निदान आधी कळते." प्रतापरावांनी तिला पुष्कळ समजावलं. ती नुसती मान हलवत राहिली.

त्या संध्याकाळी मी टेबलावरची पुस्तकं बाजूला केली आणि सुलोचनेचं पत्र काढलं. उत्तर लिहायला बसलो, तर पानभर प्रस्तावनाच झाली. ती फाडली. दुसरीत मणक्यांबद्दलच फार आलं. तीही फाडली. मग लक्षात आलं की चूक मजकुरात नाही, कागदात आहे. मी पोस्टात जाऊन दोन-तीन साधी कार्डं आणली.

दुसऱ्या दिवशी त्यातलं एक लिहून, कोरी बरोबर घेऊन गावड्यांच्या घरी नेलं आणि प्रतापरावांपुढे ठेवलं. "खाली तुमची सही हवी."

त्यांनी वाचलं. "सही देतो. पण कार्डावर कशाला, काका? पाकिटात घाला ना. घरची गोष्ट आहे. तिथं आमची शेती आहे, चार लोक ओळखतात..."

"म्हणूनच," मी म्हटलं.

"पोस्टमन वाचेल. पाटील वाचेल. शाळेत पोचेपर्यंत अर्ध्या गावाला पाठ होईल."

"चोरीची बातमीही पाकिटातून गेली नव्हती."

मला वाटलं, आता ते रागावतील, आणि दुपारची पोथीही सुटेल. त्या पोथीशिवाय माझ्या दिवसात दुसरं काही नव्हतं. प्रतापरावांनी कार्ड उलटंपालटं केलं. आतून द्वारकाबाई आल्या. त्यांनी ते त्यांच्या हातून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"ह्यात 'घरातल्या कुणीतरी मणी तोंडात घातला' असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी म्हणजे कोण? भूत? माझं नाव घाला. आणि जरा मोठं अक्षर काढा, पंत. मुंग्या चालल्यासारखं लिहिता. पोस्टमनला वाचता यायला नको?"

मी दुसरं कार्ड घेतलं आणि ओसरीवर बसून पुन्हा लिहिलं.

"चि. सुलोचनेस अनेक आशीर्वाद. तुझ्या आईनं मणी घेतला नाही. तो द्वारकाबाईंनी आईसाहेबांच्या तोंडात घातला होता, तो त्यांच्या गळ्यात मानेच्या हाडाला अडकून राहिला होता आणि इस्पितळात डॉक्टरांनी काढला. तू विचारलंस, मी काय पाहिलं. मी त्या दिवशी काही पाहिलं नाही; माझी नजर पोथीत होती. हे सगळं नंतर कळलं. सखुबाईंवर आळ घेतला ती आमची चूक. हे कार्ड ज्याच्या हाती पडेल त्यानं खुशाल वाचावं."

खाली प्रतापरावांनी सही केली. त्याखाली द्वारकाबाईंनी, एकेक अक्षर जोडत, आपलं नाव लिहिलं. मी सगळ्यांत शेवटी केली, कोपऱ्यात, जागा उरली होती तेवढ्यात.

राजवाड्यापुढच्या चौकात पोस्टाची पेटी होती. टांगे, हातगाड्या, भाजीवाल्यांची ओरड, सगळं नेहमीचं. पेटीपाशी उभं राहून मी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. 'आमची चूक' की 'आमचा अपराध', यावर मन अडलं. घरी जाऊन तिसरं कार्ड लिहावं असंही वाटलं. मागे एक माणूस हातात आपलं पत्र घेऊन उभा होता.

"काका, टाकताय की वाचताय?" तो म्हणाला.

मी टाकलं.